ओव्हीदचा क्लोव्हिस

आमच्या गावात नव्या माणसाला कुणी नाव विचारत नाही. नावाचं काय, सगळ्यांचं सारखंच. बाप्तिस्म्याला प्रत्येक मुलगा जोसेफ आणि प्रत्येक मुलगी मारी. त्यापुढे धर्मपित्याचं नाहीतर धर्ममातेचं नाव, आणि शेवटी हाक मारायचं. म्हणून आम्ही विचारतो, "तू कुणाचा?" समोरचा बापाचं नाव सांगतो, आजोबांचं सांगतो, पणजोबांपाशी आला की डोकं खाजवतो. खरं बोलणारा माणूस असाच ओळखावा.

क्लोव्हिस डोकं खाजवेना.

तो रविवारचा आमच्याकडे जेवायला आला होता. सोलांज, म्हणजे माझी भाची, तिनेच बोलावलं होतं. तिची आई तिला जन्म देऊन गेली तेव्हापासून मीच तिला वाढवलं. माझं लग्न झालं नाही आणि मला त्याची खंतही नाही, कारण घरात दादा होता, ही पोर होती, आणि ओहोटीच्या चिखलात वाम मासे धरायची आमची कुंपणं होती. माझे दिवस भरलेले होते. आणि आता लाकडं वाहणाऱ्या गलबतावरचा एक खलाशी नदीपलीकडून येऊन माझ्या टेबलाशी बसला होता आणि माझ्याच हातच्या सुपात पाव बुडवत होता.

"तू कुणाचा रे?" मी विचारलं.

त्याने चमचा खाली ठेवला, पाठ ताठ केली. "क्लोव्हिस ओव्हीदचा. ओव्हीद प्रुदांचा. प्रुदां इझिदोरचा, इझिदोर बाझीलचा, बाझील इन्यासचा, इन्यास एतिएनचा, आणि एतिएन ज्युलियां फुर्नेलचा. हा ज्युलियां राजाच्या पलटणीबरोबर फ्रान्समधल्या पुआतूहून आला. पलटणीत त्याला त्रांशमोंतान म्हणायचे, डोंगर कापणारा. तेव्हापासून आम्ही फुर्नेल ऊर्फ त्रांशमोंतान."

एका दमात! कुठे अडखळणं नाही, कुठे आठवणं नाही.

"वा!" दादा म्हणाला. माझा भाऊ थेओद्युल सहसा पाइपामागून बाहेर येत नाही, त्यातून तो वा म्हणाला म्हणजे गडी जिंकलाच. "मला माझ्या आजोबांच्या पलीकडचं विचारशील तर मी सरळ झोपी जाईन."

"तेच तर," मी म्हणाले.

"तेच तर काय, आत्या?" सोलांजचा आवाज लगेच चढला.

"काही नाही. सूप घे."

माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. बटाट्याची शेती करणाऱ्या ओव्हीदच्या पोराला आठ पिढ्या तोंडपाठ कशाला असायला हव्यात? फादरांना नसतात, नोटरीला नसतात. जे आपलं असतं ते माणूस पाठ करत नाही. मला माझी स्वयंपाकघराची वाट पाठ करावी लागते का? हे ह्याला कुणीतरी शिकवलंय, असं मी त्या रात्री भांडी घासताना दादाला म्हणाले.

"तुला त्याच्या चेहऱ्यातही खोट दिसली असती," दादा म्हणाला. "गेल्या वर्षी त्या शिवणयंत्र विकणाऱ्याला तू चोर ठरवलंस."

"तो चोर होताच."

"यंत्र अजून चालतंय, लेओकादी."

हे असं. घरात माझ्या बाजूने कुणी नाही. सोलांजचा जीव त्याच्यात अडकला होता आणि दादाचं काय, तिने उद्या गलबताच्या डोलकाठीशी लग्न करायचं म्हटलं तरी तो वा म्हणेल. विचार करायला मी एकटीच. पोरीला कुणी फसवलं तर ती पलीकडच्या किनाऱ्यावर, मधे एवढी नदी, हिवाळ्यात बोटी बंद. तिने हाक मारली तर मला ऐकूही येणार नाही. ती जाणार हेच मला मुळात खुपत होतं, हेही खरं. पण खुपत होतं म्हणून माझा संशय खोटा ठरत नाही.

पहिल्या पुकारीच्या आधी मी फादर गारोंना गाठलं. लग्न ठरलं की तीन रविवार चर्चच्या मिस्सेत पुकार होते, ह्याचा मुलगा आणि तिची मुलगी, कुणाला आडकाठी ठाऊक असेल तर सांगा. मला आडकाठी ठाऊक नव्हती, पण ती कुठेतरी असणार ह्याची खात्री होती.

"फादर, त्याला दोन आडनावं आहेत."

"लेओकादी, निम्म्या गावाला दोन आडनावं आहेत. ऊर्फ नसलेलं घर दाखवा मला."

"पण तो फुर्नेल आहे. माझ्या आईची आई फुर्नेल होती. उद्या पोरं भावंडं निघाली तर?"

हे त्यांना पटलं, कारण जवळच्या नात्यात लग्न झालं तर बिशपांना उत्तर त्यांनाच द्यावं लागलं असतं. त्यांनी जुनी बाडं काढली, पलीकडच्या फादरांना लिहिलं. उत्तर आलं ते अगदी चोख. जोसेफ प्रुदां क्लोव्हिस, बाप ओव्हीद, आई आर्तेमीझ सिमार, धर्मपिता कोण, धर्ममाता कोण, सगळं जिथल्या तिथे. आठही पिढ्या जुळल्या. माझ्या आजीचे फुर्नेल वेगळे निघाले, ते नॉर्मंडीचे.

"झालं समाधान?" फादर म्हणाले.

"इतकं चोख असतं का कुणाचं, फादर? आमच्या बाडात माझ्या बापाचं नाव दोनदा चुकलंय."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तिसऱ्या पुकारीपर्यंत वेळ आहे तुम्हाला. त्यानंतर माझ्या दारात यायचं ते लग्नाचा केक घेऊनच."

दुसरी पुकार झाली आणि मी बुधवारी नदी ओलांडली. घरी सांगितलं, विहीणबाईंना भेटून येते, रीत आहे. सोलांज धक्क्यावर सोडायला आली. तिने माझ्या पिशवीत मेपलच्या पाकाचा डबा घातला आणि म्हणाली, "आत्या, तिथे भोचकपणा करू नकोस. त्याच्या आईची तब्येत नाजूक आहे."

"मी कधी भोचकपणा केला?"

ती हसली नाही. मला ते लागलं.

आर्तेमीझबाईंचं घर गावाच्या पार शेवटी, डोंगराच्या पोटाशी होतं. तिथून पुढे नुसतं जंगल. ओव्हीद जाऊन काही वर्षं झाली होती आणि बाई एकट्याच राहत होत्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, हात सतत एप्रनला पुसणाऱ्या. मला बघून त्यांना आनंद झाला, तो खराच दिसला. त्यांनी बकव्हीटच्या पिठाची धिरडी घातली, माझ्याच पाकाचा डबा माझ्याच पुढे ठेवला, आणि क्लोव्हिस लहानपणी किती गुणी होता ते सांगायला लागल्या.

मी ऐकत होते आणि बघत होते. भिंतीवर ओव्हीदचा फोटो होता, लांब हनुवटी, पुढे आलेले कान. बाईंचा चेहरा तर समोरच होता. क्लोव्हिसची हनुवटी ह्याची नाही, नाक हिचं नाही. पण नुसत्या नाकावरून आरोप करायचा तर आमच्या गावात कुणाचंच लग्न झालं नसतं. मी खडा टाकून बघितला.

"आजारी पडायचा का हो लहानपणी?"

बाईंचा हात एप्रनमध्ये थांबला. "एकदाच. घटसर्प झाला होता. शहरातल्या इस्पितळात न्यावा लागला. पण आला हो बरा होऊन. देवाची कृपा."

"फारच रोडावला असेल."

"ओळखू येईना, म्हणायचे सगळे!" त्या पटकन म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या. फार पटकन.

पाणी कुठे मुरतंय ते मला कळत नव्हतं, पण ते इथेच मुरत होतं. मी हात धुवायच्या निमित्ताने उठले. स्वयंपाकघर आणि मागची खोली ह्यांच्यामधल्या दाराच्या चौकटीवर चाकूने केलेल्या खुणा होत्या. प्रत्येक घरात असतात. नव्या वर्षाच्या सकाळी बाप मुलांना आशीर्वाद देतो आणि मग चौकटीला उभं करून डोक्याच्या वर एक खाच मारतो, शेजारी साल कोरतो. आमच्याकडे सोलांजच्या आहेत. मी इथल्या खाचा खालून वर वाचत गेले. २९, ३०, ३१, ३२. मग ३३ शोधायला नजर वर नेली, तर ३३ वर नव्हती. ती ३२ च्या खाली होती. चांगली दोन बोटं खाली. मग ३४ पासून पुन्हा वर.

मी तिथे बोट ठेवून उभी राहिले.

"तापाने मूल रोडावतं, बाई," मी म्हणाले. "बुटकं होत नाही."

तव्यावरचं धिरडं जळायला लागलं तरी त्यांनी ते उलटलं नाही. मीच जाऊन तवा बाजूला केला. मग त्या खुर्चीत बसल्या आणि एप्रन तोंडावर घेतला.

"मी म्हटलं होतं त्यांना, ती खाच नका मारू," त्या एप्रनमधून म्हणाल्या. "तर म्हणाले, पोरगा खरा आहे, त्याची उंची खरी मारणार. मग म्हणाले, निदान आधीच्या तरी रंधा मारून काढतो. ते मात्र मी होऊ दिलं नाही. त्या माझ्या पहिल्याच्या आहेत. दुसरं काही नाही हो माझ्याकडे त्याचं."

मग हळूहळू सगळं आलं. क्लोव्हिस, खरा क्लोव्हिस, शहरातल्या इस्पितळात गेला. संसर्गाचा आजार म्हणून तिथेच पुरला. हिवाळा होता, हे दोघं परतीच्या गाडीची वाट बघत होते, आणि इस्पितळाच्या शेजारी नन लोकांचं अनाथालय होतं. बाई आत गेल्या त्या नुसतं ऊब घ्यायला. तिथे त्याच वयाचा एक मुलगा बसून बूट घालत होता, उलटे. डावा उजव्यात.

"आमच्यात रीत आहेच ना, लेओकादीबाई. एक मूल गेलं की पुढच्याला तेच नाव देतात. तुमच्याकडेही देतात. माझ्या आईने तीन आदेलार केले तेव्हा एक जगला. मग मीही दिलं. माझं पुढचं मूल हेच, असं म्हटलं. फक्त..." त्या थांबल्या. "फक्त गावाला सांगितलं नाही. आमचे जुने फादर तेवढे जाणून होते. ते म्हणाले, बाप्तिस्म्याचा कागद एक आहे आणि क्लोव्हिसही एकच आहे, मला जास्त काही ऐकायचं नाही."

"आणि त्या आठ पिढ्या?"

"ओव्हीदनी शिकवल्या. रोज संध्याकाळी, जपमाळ झाली की. म्हणायचे, ह्याला कुणी कधी म्हणता कामा नये, की तू कुणाचाच नाहीस."

म्हणजे मी बरोबर होते. पहिल्या रविवारपासून, सुपाच्या पहिल्या चमच्यापासून बरोबर होते! शिकवलंच होतं त्याला. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झाला नाही असं मी म्हणणार नाही. झाला. त्या रडत होत्या आणि मला झाला.

"सगळ्यात वाईट काय होतं, सांगू?" त्या म्हणाल्या. "मला रडता आलं नाही. रडले असते तर लोक म्हणाले असते, अगं, पोर तर बरं झालं की. मग मी गोठ्यात जाऊन रडायचे, गाईंपाशी." त्यांनी माझा हात धरला. "त्याला माहीत नाही हो. फार लहान होता. तुम्ही सांगाल का त्याला?"

बोटीची वेळ झाली, एवढंच म्हणाले.

बोटीवर वारा असा होता की आत बसवेना आणि बाहेर उभं राहवेना. मी दोन्ही करत होते. फादरांना एक वाक्य सांगितलं की पुरे होतं. हा बाप्तिस्म्याचा कागद मेलेल्या मुलाचा आहे. लग्न तिथेच थांबलं असतं, मग चौकशी, मग बिशप, आणि तोवर सोलांजचं डोकं ठिकाणावर आलं असतं. पण ती बाई गोठ्यात जाऊन रडायची. आणि ते उलटे बूट. नदी अर्धी ओलांडेपर्यंत मी ठरवलं, की फादरांना नाही, पण सोलांजला सांगायचं. ती लग्न करणार, तिला कळलंच पाहिजे की कुणाशी. नंतर कळलं तर मला काय म्हणेल? तू पाहिलंस आणि गप्प बसलीस?

घरी पोचले तेव्हा ती एकटीच होती, चुलीपाशी मोजे रफू करत. मी कोट काढला, टोपी काढली, समोर बसले.

"सोलांज, तुला एक सांगायचंय. नीट ऐक आणि लगेच रडू नकोस."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सुई मोज्यात खोचली. "चौकटीवरच्या खुणा पाहिल्यास ना?"

मी काढलेली टोपी पुन्हा हातात घेतली.

"त्याला माहीत आहे, आत्या. रोज त्या दारातून जाणाऱ्या मुलाला दिसणार नाही? आणि खुणांचं सोड, तो पाच वर्षांचा होता. त्याला सगळं आठवतं. ओळीने मांडलेल्या खाटा आठवतात. बर्फातून घोडागाडी आली ते आठवतं. आईने पहिल्या रात्री क्लोव्हिस म्हणून हाक मारली तेव्हा हा मागे वळून बघत होता, दुसरं कोण आहे म्हणून."

"मग त्या बाईला का नाही सांगत?"

"तिला वाटतं त्याला ठाऊक नाही. तेवढ्यावर ती उभी आहे. तो म्हणतो, तिचा एक क्लोव्हिस गेला, दुसरा का काढून घेऊ?"

चुलीत लाकूड सरकलं. मी उगाच उठून ते नीट केलं.

"तुला कधी सांगितलं त्याने?"

"धक्क्यावर. दुसऱ्याच भेटीत. म्हणाला, हे ऐकून नको असेल तर आत्ताच सांग, गलबत संध्याकाळी सुटतं."

दुसऱ्याच भेटीत! म्हणजे माझ्या टेबलाशी तो सूप खायला बसला तेव्हा तिला ठाऊक होतं. तो पिढ्या म्हणत होता तेव्हा ती ठाऊक असून ऐकत होती. मी फादरांच्या दारात खेपा घालत होते तेव्हाही.

"दादाला?"

"बाबांना मी सांगितलं. ते म्हणाले, मग काय झालं."

"आणि मला नाही." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "तुझे दात आले तेव्हा तुला खांद्यावर घेऊन फिरायची ती मी. पहिला झगा शिवला तो मी. आणि मला नाही?"

"काय करणार होतीस तू? सांग ना. फादरांकडे गेली असतीस."

"मी..."

"तू गेलीसच, आत्या. मी काही सांगितलं नव्हतं तरी गेलीस." ती चिडून बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती दमल्यासारखं बोलत होती. "मला तुझी भीती वाटत होती. अजून वाटते. जा, सांग जाऊन फादरांना. माझ्या हातात काही नाही. चार दिवस आहेत."

मग माझ्या जिभेवर आलंच. "त्याचं आधीचं नाव काय होतं?"

"बघ," सोलांज म्हणाली. "विचारलंसच." तिने मोजा उचलला. "मी नाही विचारलं. त्याला सांगायचं असेल तेव्हा सांगेल."

ते चार दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. दादाने एकदा तोंडातून पाइप काढला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तोंडात घातला. मी एकटीनेच ठरवलं, आणि ठरवायला फार वेळ लागला असंही नाही. तो दुसऱ्याच भेटीत खरं बोलला होता. माझ्या ओळखीतल्या किती पुरुषांनी आपल्या बायकोला लग्नाआधी एक तरी खरी गोष्ट सांगितली असेल? हे सोलांजला सांगावंसं वाटत होतं, पण ती समोर आली की मला नुसतं पाव कापून देता यायचं.

रविवारी मिस्सेच्या आधी फादर गारों चर्चच्या दाराशी उभे होते. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"काय मग? नदी ओलांडून काही सापडलं?"

"सापडलं," मी म्हणाले. "धिरडी छान करतात विहीणबाई."

"एवढंच?"

"मुलगा त्यांचाच आहे, फादर. काडीचा संशय नाही."

त्यांनी भुवया वर केल्या. माझ्या तोंडून हा शब्द त्यांनी असा कधी ऐकला नव्हता. फादरांशी खोटं बोलले म्हणावं, तर ते खोटं आहे असं मला अजूनही वाटत नाही. नाहीतर कबुलीला जाऊन आले असते.

आम्ही आमच्या बाकावर बसलो, दादा कडेला, मधे मी, पलीकडे सोलांज. क्लोव्हिस मागे उभा होता, गलबतावरच्या दोघांबरोबर. प्रवचन संपलं, आणि फादरांनी तिसरी पुकार वाचायला घेतली. दिवंगत ओव्हीद फुर्नेल ऊर्फ त्रांशमोंतान आणि आर्तेमीझ सिमार यांचा मुलगा क्लोव्हिस. थेओद्युल लिझोत आणि दिवंगत ब्लांदीन उएल यांची मुलगी सोलांज. ही तिसरी आणि शेवटची पुकार. कुणाला आडकाठी ठाऊक असेल, तर त्याने आता सांगावी.

पुढच्या बाकांवरची दोन-तीन डोकी वळून माझ्याकडे बघायला लागली. गाव मला ओळखतं.

तेवढ्यात सोलांजने माझं मनगट धरलं. माझ्या पोटात एकदम ऊन उतरलं. म्हटलं, पोरीला कळलं. शेवटी माझीच ती, न सांगता कळलं तिला. मी दुसरा हात तिच्या हातावर ठेवायला उचलला, आणि मग तिची पकड लक्षात आली. ती मला खाली दाबत होती. मी उठू नये म्हणून.

मी उचललेला हात तसाच मांडीवर परत ठेवला आणि हललेसुद्धा नाही. तिने नजर समोर वेदीकडे लावली होती आणि ओठ घट्ट मिटले होते. फादरांनी थोडा वेळ वाट पाहिली, कागद उलटला आणि मेणबत्त्यांच्या वर्गणीचं वाचायला घेतलं. तेव्हा कुठे तिने मनगट सोडलं.